पूना क्लबापासून जाधववाडीपर्यंत : महाराष्ट्राच्या रणजी संघाची नव्वद वर्षे

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले १ मे १९६० रोजी. महाराष्ट्राचा क्रिकेट संघ त्याआधी पंचवीस वर्षे मैदानात होता आणि तोवर दोनदा देशाचा विजेताही ठरला होता. नाव आधी आणि राज्य मागाहून, असा हा उलटा प्रवास. नावाइतका मुलूख मात्र या संघाच्या वाट्याला कधीच आला नाही. मुंबईचा संघ पहिल्यापासून वेगळा, विदर्भाचाही वेगळा. उरले पुणे, नाशिक, नगर, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, मराठवाडा आणि कोकणाचा काही भाग. एवढ्या मुलखाचे नाव छातीवर लावणाऱ्या संघात सुरुवातीची कित्येक वर्षे पुण्याच्या पेठांचा आणि जिमखान्यांचाच भरणा असे. संघटना पुण्याबाहेर पोचायला वेळ लागला. म्हणूनच सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्यासारख्या तालुक्यातून या संघाकडे पाहिले की त्याची कथा जरा वेगळी दिसते.

करंडक मोजायचे म्हटले तर हिशेब लवकर आटोपतो. पाच अंतिम सामने, त्यांत दोन विजय, आणि तेही पहिल्या सात वर्षांतले. तेवढ्यावरच थांबले तर इतिहास दीड पानात संपेल. या संघाची खरी कमाई त्याने घडवलेल्या माणसांत आहे, मग ती माणसे पुढे कोणाकडूनही खेळोत.

१९३४ च्या आधी

पुण्यातले क्रिकेट छावणीतून गावात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पूना क्लबात १८९० च्या दशकात एक तरुण खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळी बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. महिना पगार चार रुपये. त्याचे नाव पळवणकर बाळू. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केले की ते बाळूच्या हातावर आठ आणे ठेवत, असे सांगतात. साहेबांना बाद करणाऱ्या या चर्मकार समाजातल्या मुलाला हिंदूंच्या संघाने घेतले खरे, पण चहाच्या वेळी तो बाहेर आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यात. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. महाराष्ट्राचा संघ तेव्हा अस्तित्वात नव्हता, तरी त्याची वंशावळ लिहायची तर पहिले नाव बाळूंचेच येते.

१९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला. पीवायसी हिंदू जिमखान्याची तरुण मंडळीही जोमात होती. दोन्हीकडे वर्गणी काढून मैदाने राखणारे, चुन्याच्या रेघा मारणारे आणि धावफलक लिहिणारे कार्यकर्ते होते. त्यांची नावे कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात सापडणार नाहीत, पण पुढच्या संघाची जमीन त्यांनीच तयार केली.

१९३४ ते १९४४ : देवधरपर्व

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात महाराष्ट्र खेळला. संघाचा कणा होते प्रा. दिनकर बळवंत देवधर. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि संध्याकाळी नेटमध्ये उतरायचे, असा त्यांचा दिनक्रम. १९२६ मध्ये एमसीसीच्या पाहुण्या संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या होत्या. भारताला पहिला कसोटी सामना मिळाला १९३२ मध्ये. तेव्हा ते चाळिशीत होते, आणि निवड समितीला चाळिशी मानवली नाही. त्यांची कसोटी हुकली. महाराष्ट्राला मात्र पुढची बारा-तेरा वर्षे त्यांचा खेळ लाभला.

१९३९-४० च्या हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले हे पहिले त्रिशतक. नवव्या गड्यासाठी त्यांनी नगरवाला यांच्याबरोबर २४५ धावा जोडल्या. तळाच्या फलंदाजाने इतका वेळ उभे राहायचे म्हणजे त्याची तपश्चर्या हजाऱ्यांपेक्षा कमी नव्हती. त्याच हंगामात संयुक्त प्रांताला हरवून महाराष्ट्राने करंडक जिंकला.

पुढच्या वर्षी मुंबईविरुद्धचा सामना पुण्यात झाला. महाराष्ट्राच्या ६७५ धावा आणि मुंबईच्या ६५०. निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर लागला, तोही अवघ्या पंचवीस धावांनी. देवधरांच्या त्यात २४६ धावा होत्या आणि वय होते अठ्ठेचाळीस. नंतर अंतिम सामन्यात मद्रासविरुद्ध त्यांनी १९६ काढल्या आणि करंडक सलग दुसऱ्यांदा पुण्यात आला. त्यानंतर तो आजवर आलेला नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईत विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राच्याच गोलंदाजीवर नाबाद ३५९ धावा कुटल्या. विशीतला एक लेगस्पिनर त्या डावात पंच्याहत्तर षटकांहून अधिक राबला आणि त्याने पाच बळी घेतले. त्याचे नाव सदू शिंदे. हे नाव पुढे माढ्याच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

१९४४ ते १९५४ : धावांचा पूर

देवधर थांबायला तयार नव्हते. पन्नाशी उलटल्यावर, १९४४-४५ च्या हंगामात, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली.

मग आला डिसेंबर १९४८. पूना क्लबाचे मैदान, समोर काठियावाड. पाहुण्यांचा डाव २३८ वर आटोपला. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांची जोडी जमली आणि तिने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा केल्या. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. मर्चंटांचे ३५९ मागे पडले, चारशे झाले. तिसऱ्या दिवशी उपाहाराला धावफलकावर ४ बाद ८२६ होते आणि निंबाळकर नाबाद ४४३. जागतिक विक्रम ब्रॅडमन यांच्या नावावर होता, नाबाद ४५२. आणखी दहा धावा म्हणजे दोन षटकांचे काम.

काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव आत्ताच घोषित करा, नाहीतर आम्ही घरी निघालो, असे त्यांनी सांगितले. यजमानांनी विनवणी केली, पण ठाकोरसाहेब हलले नाहीत. काठियावाडने सामना सोडला आणि मंडळी स्टेशनच्या वाटेला लागली. विक्रमाचा धनी होण्यापेक्षा पराभव पत्करून गाडी गाठणे त्यांना बरे वाटले. ४४३ हा आकडा मात्र आजही प्रथम श्रेणी सामन्यातली भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकदाही मिळाली नाही. माढ्यात निंबाळकर म्हटले की रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आणि माढेश्वरीचे देऊळ आठवते. कोल्हापुरात जन्मलेल्या भाऊसाहेबांचा त्या घराण्याशी धागा जोडायचे काही कारण नाही, पण हे नाव कानावर पडले की इथला माणूस जरा सरसावून बसतो एवढे खरे.

त्याच हंगामातला मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईचे दोन डाव ६५१ आणि ७१४, महाराष्ट्राचे ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतके. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात एका सामन्यात इतक्या धावा दुसरीकडे कुठे झालेल्या नाहीत. मधुसूदन रेगे यांनी दोन्ही डावांत शतक ठोकले, तरीही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. सहाशे करून हरणाऱ्या संघाला काय म्हणायचे, हे त्या आठवड्यात पुण्यातल्या कोणालाच सुचले नसेल. आपल्या गोलंदाजांना विचारले असते तर त्यांनी खेळपट्टीकडे बोट दाखवले असते.

१९५४ ते १९६४

अमेरिकेत बेसबॉलचे ‘मायनर लीग’ संघ असतात. लहान शहरांतले हे संघ मोठ्या संघांसाठी खेळाडू तयार करतात, आणि खेळाडू पिकला की तो वर निघून जातो. गावाला त्याचा अभिमान वाटतो आणि थोडी हळहळही. महाराष्ट्राच्या संघाची गत पुष्कळदा अशीच झाली. हजारे बडोद्याला गेले. निंबाळकर होळकर, रेल्वे अशा अनेक संघांकडून खेळले. सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर भारताकडून ५९ कसोटी खेळले आणि कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय ठरले, पण रणजीत ते मुंबईचे आणि गुजरातचे. आपल्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा क्रिकेटपटू आपल्या संघाला लाभलाच नाही. हा सल सोलापूरकरांनी फारसा बोलून दाखवलेला नाही, तेव्हा आपणही तो फार ताणू नये.

उलटी वाहतूकही झाली. पुण्याचे चंदू बोर्डे बडोद्याकडून खेळून घरी परतले आणि महाराष्ट्राचा आधारस्तंभ झाले. १९५६-५७ मध्ये वसंत रांजणे यांनी खडकवासल्याला सौराष्ट्राविरुद्ध पदार्पणातच ३५ धावांत ९ बळी घेतले, त्यांत एक हॅट्‌ट्रिक. यष्ट्यांमागे नाना जोशी होते. १९६० मध्ये राज्य झाले आणि संघाच्या नावाला नकाशाचा आधार मिळाला.

१९६४ ते १९७४

पुण्यात नेहरू स्टेडियम उभे राहिले आणि संघाला हक्काचे घर मिळाले. १९७०-७१ च्या हंगामात हेमंत कानिटकर यांनी राजस्थानविरुद्ध २५० धावा काढल्या आणि तीस वर्षांनी महाराष्ट्र अंतिम फेरीत पोचला. समोर मुंबई. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सगळे वेस्ट इंडिजमध्ये इतिहास घडवत होते. म्हणजे मुंबईचा हा दुसऱ्या फळीचा संघ. तो सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली खेळला आणि ४८ धावांनी जिंकला. अशी संधी पुन्हा येणे नव्हते. १९७३ पासून देशाच्या एकदिवसीय विभागीय स्पर्धेला देवधरांचे नाव मिळाले. ते स्वतः एकशे एक वर्षे जगले आणि १९९३ मध्ये गेले.

१९७४ ते १९९४

या वीस वर्षांत संघ बहुधा मधल्या पायरीवर राहिला. जानेवारी १९७७ मध्ये महाराष्ट्राच्या यजुर्वेंद्र सिंग यांनी बंगळुरूला कसोटी पदार्पणात सात झेल घेऊन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. सोलापुरात जन्मलेले सलील अंकोला १९८८-८९ मध्ये महाराष्ट्राकडून रणजीत उतरले आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी हॅट्‌ट्रिक घेतली. वर्षभरात, नोव्हेंबर १९८९ मध्ये, कराचीला सचिन तेंडुलकर यांच्याबरोबर त्यांचे कसोटी पदार्पण झाले. त्यांची ती एकमेव कसोटी. रणजीत तेही पुढे मुंबईकडे गेले.

१९८८-८९ च्याच हंगामात शंतनू सुगवेकर मध्य प्रदेशाविरुद्ध २९९ वर खेळत असताना शेवटचा गडी बाद झाला. नाबाद २९९. काठियावाडच्या सामन्याला चाळीस वर्षे झाली होती, पण महाराष्ट्राच्या फलंदाजाचे आणि गोल आकड्याचे काही तरी वाकडे आहे, अशी पुण्यातली समजूत त्या दिवशी पक्की झाली असावी.

१९९२-९३ मध्ये सुरेंद्र भावे आणि सहकाऱ्यांनी संघाला पुन्हा अंतिम फेरीत नेले. लुधियानात पंजाबने आपला पहिला करंडक जिंकला.

१९९४ ते २००४

२९ फेब्रुवारी १९९६. विश्वचषकातला सामना नेहरू स्टेडियमवर. केनियाच्या १६६ धावांपुढे वेस्ट इंडिजचा संघ ९३ वर कोसळला आणि पुणेकरांना क्रिकेटमधला एक मोठा धक्का घरबसल्या पाहायला मिळाला. जानेवारी १९९८ मध्ये ढाक्यात पाकिस्तानविरुद्ध दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना हृषीकेश कानिटकर यांनी चौकार मारला. तो अजून लोकांच्या तोंडी आहे. याच हृषीकेश यांनी पुढे राजस्थानचे कर्णधारपद घेऊन त्या संघाला सलग दोनदा रणजी करंडक मिळवून दिला. श्रीरामपूरचे झहीर खान याच मुलखातले, पण त्यांची वाट मुंबईमार्गे बडोद्याला गेली.

संघटनेतही या काळात मतभेद झाले. ते इथे उगाळायचे कारण नाही. सामने होत राहिले, जिल्ह्यांचे संघ निमंत्रितांच्या साखळीत खेळत राहिले आणि पंच, गुणलेखक, मैदानावरचे कर्मचारी आपापले काम करत राहिले.

२००४ ते २०१४ : माढ्याचे दशक

२००९-१० मध्ये महाराष्ट्राने सय्यद मुश्ताक अली ट्वेंटी-ट्वेंटी करंडक जिंकला. त्याच सुमारास माढ्याचे नाव क्रिकेटच्या वर्तुळात वेगळ्याच वाटेने पोचले. २००९ मध्ये माढा लोकसभा मतदारसंघातून शरद पवार निवडून आले. आधी ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, २०१० ते २०१२ या काळात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झाले. म्हणजे २०११ चा विश्वचषक महेंद्रसिंह धोनीच्या हाती देणारे गृहस्थ माढ्याचे खासदार होते. आणि ते जावई कोणाचे, तर मर्चंटांना पंच्याहत्तर षटके टाकणाऱ्या सदू शिंदे यांचे. १ एप्रिल २०१२ रोजी गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या नव्या स्टेडियमचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले.

पण माढ्याचे खरे नाणे मैदानावर वाजले. केदार जाधव यांचे मूळ गाव माढा तालुक्यातले जाधववाडी. वडील वीज मंडळात कारकून, त्यामुळे घर पुण्यात कोथरूडला. गल्लीत आणि टेनिस बॉलच्या स्पर्धांत हात बसला, मग पीवायसीत धडे मिळाले. त्यांची फलंदाजी पुस्तकी नाही. चेंडू उशिरा, मनगटाने, भलत्याच कोनात जातो. टेनिस बॉलवर वाढलेल्या पोराची खूण ती. कुर्डुवाडी-माढ्याकडच्या माळावर उन्हाळ्यात ज्या स्पर्धा भरतात, तिथे असे फटके रोज दिसतात. फरक इतकाच की जाधवांनी ते रणजीत मारले.

२०१२-१३ मध्ये त्यांनी उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७ धावा केल्या. पुढच्या हंगामात देशात सर्वाधिक, १,२२३ धावा, सहा शतकांसह. उपउपांत्य फेरीत गाठ मुंबईशी होती, वानखेडेवर, आणि मुंबई गतविजेती. चौथ्या डावात २५२ हव्या होत्या. महाराष्ट्राने त्या दोनच गडी गमावून काढल्या. जाधव नाबाद १२०, सोबत कोवळा विजय झोल नाबाद ९१. मुंबईकडून इतकी वर्षे सोसल्यानंतर हा विजय करंडकापेक्षा कमी गोड नव्हता. इंदूरला उपांत्य सामन्यात समद फल्लाह आणि साथीदारांनी बंगालला पहिल्या डावात ११४ वर गुंडाळले. हैदराबादला अंतिम सामन्यात मात्र कर्नाटकने सात गडी राखून बाजी मारली. रोहित मोटवानी कर्णधार होते आणि प्रशिक्षक होते सुरेंद्र भावे, लुधियानाचा पराभव अनुभवलेले.

२०१४ नंतर

१५ जानेवारी २०१७ रोजी गहुंज्याला इंग्लंडने भारतापुढे ३५१ धावांचे लक्ष्य ठेवले. भारत ४ बाद ६३. विराट कोहली यांच्या जोडीला जाधव आले. पायांत गोळे येत होते, धावणे अवघड, मग चेंडू सीमेपारच पाठवायचा असे त्यांनी ठरवलेले दिसत होते. ७६ चेंडूंत १२० धावा. दोघांनी २०० जोडल्या आणि भारत जिंकला. घरच्या मैदानावर, घरच्या माणसांपुढे. जून २०२४ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ५९४ धावा केल्या. रणजीतली ती तोवरची सर्वांत मोठी भागीदारी. आधीचा ५७७ चा विक्रम बडोद्याकडून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केला होता. ज्या हजाऱ्यांना महाराष्ट्राने बडोद्याला दिले, त्यांच्या नावचा विक्रम महाराष्ट्रानेच सत्तर वर्षांनी मोडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या ऋतुराज गायकवाड यांनी उत्तर प्रदेशाविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारले. सातवा शक्य झाला तो नोबॉलच्या कृपेने. त्या डावात ते नाबाद २२० होते. तरी विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राने महाराष्ट्राला हरवले.

जिल्ह्यांचा वाटा वाढला तो याच काळात. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांच्या जोडीने सोलापूर रॉयल्स हा संघही त्यात उतरला. पहिल्याच मोसमात सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णी यांनी नाशिककडून ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या, तेरा षटकार मारले आणि वर चार बळीही घेतले. पुढच्या वर्षी ते एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळले. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्क मैदानावर, रणजीचे सामने झाले. माढ्याहून सकाळची गाडी धरली तर दिवसभर सामना पाहून रात्री घरी येता येते.

महिलांच्या संघाने तर अलीकडे पुरुषांच्या बरोबरीने बातम्या दिल्या आहेत. सांगलीच्या स्मृती मानधना यांनी २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या उपकर्णधार होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या किरण नवगिरे शाळेत असताना गोळा आणि भाला फेकायच्या. महाराष्ट्रात जागा मिळेना म्हणून त्या नागालँडकडून खेळल्या, तिथून भारतीय संघात पोचल्या आणि मग परत महाराष्ट्राकडे आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये पंजाबविरुद्ध त्यांनी ३४ चेंडूंत शतक पूर्ण केले. महिलांच्या ट्वेंटी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये इतके जलद शतक जगात आधी कोणी केले नव्हते.